कमरेचं माप

परदेशातल्या लढाईत पळवून नेलेल्या आणि पुढे सोडवून आणलेल्या पोरींसाठी खर्डीच्या चर्चमागच्या खोलीत दर वर्षी फ्रॉक शिवले जायचे. पोरी दहा-बारा वर्षांच्या, पण कागदावर येणारी मापं सात वर्षांच्या अंगाची. म्हणून फ्रॉकचा शेवटचा धागा तोडला की सकुबाई डोळे मिटून दर वेळी एकच मागणं मागायची, "येशूबाबा, हिच्या अंगावर मूठभर मांस चढू दे. हा फ्रॉक हिला लवकर घट्ट होऊ दे."

यंदाचा कागद सिस्टर फिलोमिनांनी स्वतः आणून दिला. सकुबाईनं चष्मा लावला, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. खांदे दरसालसारखेच अरुंद, पण कंबर चांगली सात-आठ इंचांनी वाढलेली. एकीची नाही, नऊजणींची.

"बघा सिस्टर, ऐकलं का नाय माझ्या येशूबाबानं? पोटभर जेवतात आता पोरी!" तिनं भिंतीवरच्या क्रूसाला हात जोडले आणि कात्री उचलली. "कापड जरा जास्त लागंल. लागू दे."

सिस्टरांनी तिच्या कात्रीच्या हातावर हात ठेवला.

"कापड मी अजून आणते, सकुबाई," त्या म्हणाल्या. "नऊ झबलीपण शिवायचीत."