चार बोटं पुढं

फळीचं तोंड चिखलात घुसलं आणि सुचिता टोपलीवर आपटली. उजवं पाऊल फळीवरच्या पट्ट्यात तसंच अडकलेलं, डावा पाय मांडीपर्यंत आत. तिनं मागं पाहिलं. मघाशी जिथं नुसता ओला चिखल चकाकत होता, तिथं आता पाणी होतं. खाडीला भरती लागली होती.

बाकीच्या बायका केव्हाच काठाला पोचल्या होत्या. तिवरांपाशी त्यांची लुगडी दिसत होती, एवढी एवढीशी. सुचितानं हाक मारली, पण ती तिथवर पोचली नाही.

चूक तिचीच, दुसऱ्या कुणाची? ही म्हसळ्याकडच्या डोंगरातली पोर. लग्न करून इथं आल्यावर भागुबाईनं, म्हणजे सासूनं, तिला चिखलावर फळी चालवायला शिकवली. एक पाऊल फळीवरच्या दोरीच्या पट्ट्यात, दुसऱ्यानं चिखल मागं रेटायचा, टोपली पुढ्यात. शिकलीही बिचारी. पण तिची फळी काही केल्या पटकन वळायची नाही. बायका इकडून तिकडं वळत चिखलातल्या शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचून मोकळ्या व्हायच्या आणि हिची टोपली अर्धी. सुचिता वळेपर्यंत भरती येईल, असं म्हणून त्या हसायच्या. वर्षभर तिनं ते ऐकून घेतलं.

मग परवा फळी धुताना तिला ती भोकं दिसली. पट्टा ओवला होता त्याच्या पुढं, बरोबर चार बोटांवर, आणखी दोन भोकं. डांबरानं बुजवलेली. म्हणजे पट्टा आधी पुढं होता आणि म्हातारीनं मुद्दाम मागं घेतला! सुनेची टोपली आपल्यापेक्षा जड व्हायला नको, दुसरं काय? भागुबाई बोलायची कमी आणि बघायची जास्त. अशा माणसाबद्दल मनात वाईट यायला वेळ लागत नाही. आज सकाळी सासू चुलीपाशी असताना सुचितानं खिळ्यानं डांबर उकरलं आणि पट्टा पुढच्या भोकांत ओवला.

आणि काय वळली हो फळी! नुसता गुडघा कलला की गर्रकन. बायकांचं हसू बंद झालं. टोपली काठोकाठ भरली तरी तिला परतावंसं वाटेना. एकेक करून सगळ्या गेल्या. ती निघाली तेव्हा टोपलीचा भार पुढं, तिचा स्वतःचा भारही पुढं. मऊ चिखल लागला आणि फळीनं नाक खुपसलं.

पाणी फळीच्या कडेला लागलं. ती जोर लावून ओढायला गेली, तशी फळी आणखी खाली गेली. तिला राही आठवली. राही तिची नणंद, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतली. लग्नाआधीच खाडीत गेली, एवढंच सुचिताला ठाऊक होतं. कशी, ते घरात कुणी बोलायचं नाही. आता आपलाही फोटो तिच्या शेजारी लागणार, असं तिला वाटलं आणि तिला रडू फुटलं.

रडत रडतच तिनं टोपली उलटी केली. सकाळभराच्या शिवल्या पाण्यात गेल्या. पाऊल पट्ट्यातून सोडवून ती फळीवर पालथी पडली. दोरीची गाठ भिजून फुगली होती. बोटांना सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. तोंडात खारट चिखल आला. तिनं पट्टा मागच्या भोकांत ओवला, कसाबसा बांधला, पाऊल अडकवलं आणि सगळं अंग मागं टाकलं. फळीचं नाक हळूच वर आलं.

मग ती सुटली. वळायचं नाव नाही, सरळच्या सरळ, पण बुडेना. पाणी तिच्या मागोमाग येत होतं. तिवरांच्या अलीकडं कुणीतरी कमरेएवढ्या चिखलात उभं होतं. भागुबाई. तिनं फळीचं तोंड धरलं आणि सुनेला काठाला ओढून घेतलं.

सुचिता काठावर बसून राहिली. आता तिला सासूची भीती वाटत होती. भागुबाईनं फळीवरचा चिखल हातानं पुसला. पुढची दोन भोकं उघडी पडलेली तिनं पाहिली. त्यांवरून बोट फिरवलं.

"झटकन वळत व्हती ना?" तिनं विचारलं.

सुचितानं मान हलवली.

"राहीचीपन वळायची. ती भोकं तिनंच पाडलेली. तिच्या दहाव्याला मी बुजवली."