हाकेला ओ

"आता मोठा भोंगा काही कामाचा नाही," मचाणावर अंग चोरून बसलेला प्रताप कुजबुजला. "गेले ते दिवस. तुझ्या नवरात्रात गेले."

खरंच होतं ते, मालिनीलाही माहीत होतं. हिर्श, म्हणजे आपल्या सांबराचा इथला, जर्मनीतला चुलतभाऊ, माजात येतो तो नेमका नवरात्राच्या सुमारास. आणि घट बसलेले असताना घरातल्या माणसानं बंदूक घेऊन ताउनुसच्या जंगलात जायचं नाही, असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. "दसऱ्याला शस्त्रपूजा करा, मग काय ते जा." त्यानं ऐकलं. बाड हॉम्बुर्गच्या फ्लॅटमध्ये नऊ दिवस हिर्शला बोलवायचा भोंगा कपाटावर पडून होता आणि हा तोंड पाडून बाल्कनीत. याग्डशाइन, म्हणजे शिकारीचं लायसन्स, काढायला त्यानं दहावीच्या पोरासारखा अभ्यास केला होता, आणि अजून एकही हिर्श मिळाला नव्हता. म्हणून आज ती सोबत आली होती. तेवढीच भरपाई.

"समजावून तरी सांगा. आता का नाही चालत भोंगा?"

समजावून सांगायला त्याला फार आवडायचं. "आल्झो, म्हणजे असं बघ, सुरुवातीला जास्त ऐकायचं, अधूनमधून मादीचा आवाज काढायचा. भर सीझनला आपणच दुसरा नर व्हायचं. भोंग्यातून असं डुरकायचं, की तो चिडून अंगावर आला पाहिजे. पण आता भांडून भांडून दमलेत बिचारे. डुरकलं की उलट निघून जातात. आता एकच चालतं. चुकलेली, एकटी मादी. हळूच, नाकातून."

"मग काढा की."

त्यानं खिशातून छोटी नळी काढली आणि फुंकली. कुकरची शिट्टी बिघडावी तसा आवाज आला. पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. मालिनीनं मफलर तोंडावर दाबला.

"हसतेस काय? तू काढून दाखव."

"त्यात काय काढायचंय? माझं रोजचंच आहे ते."

आणि ताटं वाढल्यावर त्याला लॅपटॉपवरून उठवायला ती जी हाक मारायची, तीच तिनं मारली. शब्द आत ठेवून नुसता सूर. अऽहोऽ. सुरुवात घशातून, शेवट नाकातून. थोडा राग, थोडी काळजी.

प्रतापनं झटकन तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. समोर कुठेतरी फांदी मोडली होती.

तो आला. माजबिज काही उरला नव्हता त्याच्यात. मानेचे केस चिखलानं चिकटलेले, बरगड्या दिसत होत्या, मागचा एक पाय जपून टाकत होता. मोकळ्या गवताच्या कडेला, झाडांत अर्धा लपलेला असा थांबला आणि कान टवकारून सरळ मचाणाकडे बघायला लागला. अगं बाई, किती वाळलाय हा, मालिनीच्या मनात आलं. याला आधी कुणीतरी खायला घाला.

प्रतापनं रायफल खांद्याला लावली होती, पण मध्ये झाड येत होतं. तिच्याकडे न बघताच त्यानं एक बोट वर केलं. अजून एकदा.

पहिली हाक चेष्टेत गेली होती. ही चेष्टा नव्हती, हे तिला चांगलं कळत होतं. ती नुसती खोकली असती तरी तो पळाला असता. पण नऊ दिवसांचं ते पडलेलं तोंड तिला आठवलं. एवढ्या वर्षांत त्यानं हट्टानं मागितलेली ही एकच गोष्ट होती. तिनं हाक मारली. पहिलीपेक्षा मऊच लागली ती.

हिर्शनं घोगऱ्या आवाजात ओ दिली आणि लंगडत उघड्यावर आला.

बार झाला.

थोडं थांबून, तो हलत नाही अशी खात्री करून, प्रताप शिडीवरून जवळजवळ उड्या मारतच उतरला. "एका गोळीत! मालू, तुझ्यामुळे गं! गेनाऊ, अगदी तोच आवाज! आता दरवर्षी दसरा झाल्यावरच यायचं. भोंगा नको नि नळी नको. तू फक्त हाक मार."

मी बोलावलं म्हणून आला, एवढंच मालिनीच्या डोक्यात फिरत होतं. दाराशी आलेल्याला आपण पाणी तरी विचारतो. याला मी घरच्यासारखी हाक मारली आणि मारून टाकला.

खाली प्रतापनं टोपी काढली, स्प्रूसची एक डहाळी मोडली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे हिर्शच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास. मग मोबाइलचा टॉर्च लावून तो फोटो काढण्यात असा रमला, की वर बायको बसलीय हेच विसरला. अंधारून आलं होतं. शिडी ओली, निसरडी. तिला एकटीला उतरायचा धीर होईना.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं. 'अ' घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला. तोच आवाज, तिथूनच, परत काढायचा? तिच्याच्यानं होईना.

"प्रताप!" ती म्हणाली.

लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव तिनं कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. तो दचकून उभा राहिला. मचाणाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. टॉर्च झाडांकडे वळवून त्यानं जर्मनमध्ये विचारलं, "कोण आहे तिकडे?"