तळाशी दोनशे

"टाकीच्या तळाशी उजेडाचा आकडा दोनशेवर गेला नाही, तर मी तयार दिवा मागवतो," जावई हातातला फोन खाली न ठेवताच म्हणाला. "मग मात्र वाईट वाटून घ्यायचं नाही, बाबा."

"मागवा की, जावईबापू. तुमचा हात कोणी धरलाय?" म्हातारा म्हणाला.

खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीवर, हातभर उंच, त्याने स्वतः जोडलेला एलईडी दिवा लटकत होता. उभी हयात नाटकांना उजेड देण्यात गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यापासून घरातला साधा बल्ब बदलायलाही कोणी त्याला हाक मारत नव्हतं. लेकीच्या टाकीवरचा जुना दिवा जळाला, तिचं जिवापाड जपलेलं प्रवाळ फिकट पडू लागलं, तेव्हा तो आपण होऊन कामाला बसला. तारांना डाख देत, पुन्हा काढत, बोटं पोळून घेत.

त्याने बटण दाबलं. टाकी निळी झाली, पण उजेड काही डोळ्यांत भरेना.

"काजवा टांगल्यासारखा वाटतोय," जावई म्हणाला.

"निळा उजेड आपल्या डोळ्यांना कमीच दिसतो, पण प्रवाळाला तोच लागतो," लेक म्हणाली. "मापल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही."

तिने काठीला बांधलेला उजेडाचा मापक पाण्यात सोडला आणि प्रवाळाच्या शेजारी वाळूवर टेकवला. तो नीट बसला की नाही हे बघायला म्हातारा टाकीवर ओणवा झाला. पाणी हलत होतं, तसा लेकीच्या हातातल्या यंत्रावर आकडा नाचत होता. तो स्थिरावेपर्यंत ती थांबली.

एकशे दहा. मग शंभर.

जावयाचा अंगठा फोनवर फिरू लागला. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तो आणखी खाली वाकला, तसा आकडा नव्वदवर आला. आता बापाला काय सांगायचं म्हणून लेकीने मान वर केली, आणि तिला हसूच फुटलं.

"अहो बाबा, डोकं काढा! तुम्हीच आड येताय!"

म्हातारा दचकून मागे सरला. "जन्मभर नटांवर ओरडलो, एकमेकांच्या उजेडात येऊ नका म्हणून..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. आकडा दोनशेवर गेला, तीनशेवर गेला आणि चारशेच्या पुढे जाऊन डुलत राहिला. जावयाने फोन खिशात टाकला. "मानलं, बाबा," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. लेकीचा ऊर भरून आला. बाप इतका ताठ उभा राहिलेला तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"पण एवढा उजेड नाही चालायचा," ती चाचरत म्हणाली. "प्रवाळ भाजून निघेल."

म्हाताऱ्याने क्षणभर दिव्याकडे पाहिलं. मग स्वतःच्याच हाताने बटण फिरवत त्याने आकडा दोनशेवर आणून ठेवला.

संध्याकाळी शेजारीण डोकावली. "एवढा खटाटोप केलात, आणि दिवा मंदच की हो!"

"अर्ध्यावर ठेवलाय," म्हातारा म्हणाला. "पुरा लावला तर समुद्राला सोसत नाही."