बांधलेलं तोंड

सौदीतल्या यान्बू शहरात डॉक्टर दमयंतींच्या घराला मी आणि सुशांत रंग देत होतो. हॉलमध्ये काळ्या रेघांचं एक जुनं युरोपी छापचित्र होतं. त्यातली बाई ब्रश घेऊन बसलेली, तोंडावर फडकं बांधलेलं.

"ही बाई म्हणजे चित्रकला," मॅडम म्हणाल्या. "चित्र बोलत नाही, म्हणून तोंड बांधलंय."

मला हसू आलं. रंगाच्या वासामुळे आम्हीही फडकं बांधूनच काम करतो. म्हणजे ही आपल्यातलीच.

दुसऱ्या दिवशी तिचं फडकं हनुवटीपर्यंत घसरलेलं दिसलं. फोनवर बायकोला, रूपालीला सांगितलं, तर ती गुहागरहून म्हणाली, "अहो, बोलायचं असेल बिचारीला काहीतरी."

तिसऱ्या दिवशी हॉल रंगवायचा होता. दुपारचं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. तोंडावरचं फडकं सोडून हातात घेत मी चित्र झाकायला गेलो. बाईचं फडकं मांडीवर पडलं होतं. ओठ नुकतंच काही बोलून मिटल्यासारखे होते.

मी सुशांतला हाक मारली.

तो शिडीवरून वळला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "काही कळत नाही रे. आधी ते फडकं काढ."

फडकं तर माझ्या हातात होतं.