भाऊंचा चष्मा

भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि धर्माजीने पोटच्या पोराच्या कानाखाली जाळ काढला.

आवाज एवढा मोठा आला की बाहेर रांगेत बसलेली माणसं दारातून आत डोकावली आणि लगेच मागे झाली. साईराज भेलकांडत भिंतीवर आदळला. त्याचा हात गालावर गेला, पण डोळे बापावरच होते. काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं.

गोडदेवच्या त्या कार्यालयात यतीनभाऊ दर रविवारी सकाळी लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे. माजी नगरसेवक, आणि बाहेरच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवायचा तर भावी आमदार. त्यांनी आजवर कुणाला बोट लावलं नव्हतं. 'मारा' हा शब्दही कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. समोरचा माणूस नकोसा झाला की ते फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. पुढचं पोरं बघून घ्यायची. गेल्या रविवारी काशीगावच्या एका टँकरवाल्यावर त्या पोरांतल्या चंदनने पहिला हात टाकला आणि जाताना चंदनच भाऊंच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला. ती सीट अकरा वर्षं धर्माजीची होती. त्या दिवशी धर्माजी जेसल पार्कपर्यंत चालत घरी गेला.

आज तो मुलाला घेऊन आला होता. साईराज बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरात बसला होता. भाऊंच्या पत्राने एका कंपनीत सुपरवायझरची जागा नक्की होती. पत्र टाइप होऊन टेबलावर आलं होतं, फक्त सही राहिली होती.

"काय रे, जमेल ना काम?" भाऊंनी पेनाचं टोपण काढत विचारलं होतं.

"जमेल, सर."

आणि चष्मा उतरला होता.

सर! भाऊंना सर! धर्माजीला अपराध सापडायला वेळ लागला नाही, आणि डावीकडे चंदन बाह्या सरसावत होता. पोराला चंदनच्या हातातून वाचवायचं होतं की गाडीतली सीट परत मिळवायची होती, हे धर्माजीलाही सांगता आलं नसतं. हात मात्र उठला.

"धर्माजी, बाजूला व्हा. तुमच्याने नाय होणार," चंदन पुढे आला. "साला, भाऊ को सर बोलता है?"

त्याने साईराजच्या पोटात गुडघा घातला. आणखी दोघं धावले. साईराज वाकला तसा कुणीतरी त्याला मानेला धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. दात तुटल्याचा बारीकसा आवाज झाला. तो खाली पडला, तेव्हा बरगड्यांत लाथा बसायला लागल्या. त्यातली एक बापाची होती. न मारता नुसता उभा राहिलेला माणूस त्या खोलीत लगेच दिसून येतो.

"बाबा," साईराज एकदाच म्हणाला.

टेबलामागे भाऊ शर्टाच्या खिशात रुमाल शोधत होते. एसीच्या गारठ्यात समोरच्या चहाची वाफ त्यांच्या काचांवर धरली होती. रुमाल सापडला. त्यांनी काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फरशीवरचं रक्त पाहिलं.

क्षणभर त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"भाऊ, अजून?" चंदनने धापा टाकत विचारलं.

चूक झाली म्हटलं तर उद्यापासून ही पोरं प्रत्येक वेळी आधी विचारत बसणार, एवढं भाऊंना कळत होतं.

"बस," ते म्हणाले. "समजला असेल आता."

पण धर्माजीची नजर त्या रुमालावर गेली होती. तिथून चहाच्या कपावर गेली.

"भाऊ..." तो म्हणाला. "ती तर... वाफ होती?"

भाऊंनी धर्माजीकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"म्हणजे? माझं चुकलं म्हणतोस?"

"नाय, नाय भाऊ! तुमचं कसं चुकेल? माझंच चुकलं."

"असं."

भाऊंनी सावकाश चष्मा काढला, घडी घातली आणि सहीच्या पत्रावर ठेवला. या वेळी काचा स्वच्छ होत्या. त्यांची नजर धर्माजीवर होती.

चंदन पुढे सरकला. भाऊंनी एक बोट वर केलं तसा तो थांबला. मग भाऊंनी मान वळवून साईराजकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

साईराज टेबलाला धरून उभा राहिला. ओठातून रक्त गळून सदऱ्यावर पडत होतं. हा नवा सदरा आईने आजच्यासाठी घेतला होता. त्याने भाऊंकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, मग बापाकडे. हळूहळू त्याला सगळं समजत गेलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून.

भाऊ वाट पाहत होते. पेन टोपणाशिवाय तसंच पडलं होतं.

धर्माजी दोन पावलं चालून मुलासमोर आला. त्याने स्वतःच्या हाताने साईराजचा उजवा हात धरून वर उचलला आणि आपला गाल पुढे केला.

"मार, बाळा," तो हळूच म्हणाला. "चष्मा घातल्याशिवाय त्यांना सही करता येत नाय."