चावीच्या गाड्या
आजोबांनी चावी दिलेल्या दोन्ही जुन्या पत्र्याच्या गाड्या एकाच रुळावर समोरासमोर निघाल्या होत्या आणि आजोबा स्वतः टेबलाखाली होते. घरंगळलेला इवलासा गार्ड उचलायला वाकले आणि कंबरेत उसण भरली. चावीच्या गाडीला बंद करायचं बटण नसतं. चेपलेलं इंजिनही पुन्हा मिळणार नव्हतं, कारण ते बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला होता. डोक्यावरचा खडखडाट दोन्ही बाजूंनी जवळ येत होता.

आजी उंबऱ्याबाहेर उभी होती. या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही अट तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घातलेली होती.

"आत येऊ का?" तिने विचारलं.

"ये बाई, ये. पण आधी नीट ऐक. बोगद्याजवळ रूळ बदलायच्या दांड्या आहेत. त्यातली..."

खट्.

एक गाडी बाजूच्या रुळावर वळली. दुसरी तिच्या शेजारून सुसाट निघून गेली.

"तुला गं कसं कळलं, कुठली ओढायची ते?"

"तुम्ही जन्मभर रोज ऑफिसला जायचात," आजी म्हणाली. "तेवढा वेळ प्रवाशांनी काय फलाटावर बसून राहायचं?"