ताईच्या दिशेची तार

मोजणीदारांनी टोमॅटोच्या वाफ्यात कुदळ घातली तेव्हा बायको दारात उभी होती. ती उपटलेली रोपं मोजत होती. ते त्यांना जड गेलं.

पण इलाज नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, गेल्या रविवारी निर्वाणीचं सांगितलं होतं. तुझं बोलणं काही केल्या ऐकू येत नाही, महिनाअखेरीपर्यंत सुधारलं नाही तर माझा रेडिओ-संच मी शाळेला देऊन टाकते. चाळीस वर्षं ही भावंडं दर रविवारी सकाळी नऊला आपापल्या बिनतारी संचावर एकमेकांशी बोलत आली होती. फोन होता, पण फोनवर मोजणीदार ‘बरंय’ म्हणून ठेवून देत.

दोष तारांचा, याबद्दल त्यांना शंका नव्हती. उभ्या अँटेनाच्या बुडापासून जमिनीत चहूकडे तारा पसरलेल्या असतात. त्या आखूड पडल्या की आवाजाची निम्मी ताकद माती गिळते. मागच्या काही महिन्यांत त्यांनी तीन मीटरच्या तारा पाच मीटरच्या केल्या होत्या, मग सात. समुद्रापलीकडचा एक अनोळखी दंतवैद्य म्हणाला, आवाज खणखणीत येतोय. ताई म्हणाली, नुसती खरखर आहे. मोजणीदारांनी नकाशावर पट्टी लावली. ताईच्या दिशेच्या तारा तेवढ्या वाफ्याशी येऊन थांबल्या होत्या. दुखणं सापडलं.

आज रविवारचे नऊ वाजले तरी त्या तारा तोडलेल्याच होत्या, सांधायच्या होत्या. त्यांनी बायकोला संचापाशी बसवलं. ताईची हाक आली की बटण दाबून म्हणायचं, थोडं थांबा.

हाक आली. बायकोने निरोप सांगितला. ताईने लगेच तिच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्याचं झालं, सुनेच्या नोकरीचं झालं, आणि मग बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“वन्सं, तुम्हाला ऐकू येतंय?”

 मग ताईने कबूल केलं. ऐकू पहिल्यापासूनच येत होतं. पण निवृत्त झाल्यापासून भाऊ दर रविवारी तासभर तारांची लांबी सांगत बसे. कंटाळून विषय सोडेल म्हणून तिने ऐकू येत नाही असं सांगितलं, तर तो तारांमागे हात धुऊनच लागला.

“दोन वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही गं, कशी आहेस म्हणून.”

बायको बाहेर आली. मोजणीदार मातीने माखले होते, शेवटचा सांधा आवळत होते. काय म्हणाली, त्यांनी धास्तावून विचारलं. बायकोने उपटलेल्या रोपांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

“आता येतंय म्हणाल्या ऐकू. फक्त तारांचं बोललात की आवाज तुटतो. घरचं बोललात की स्वच्छ येतो.”

असं कुठे वाचल्याचं मोजणीदारांना आठवेना. पण प्रयोगाला नाही म्हणणारे ते नव्हते. हात न धुताच ते संचापाशी बसले, बटण दाबलं, घसा खाकरला.

“ताई, कशी आहेस?”

 लगेच ताईचा आवाज आला.

“आलं रे. एकेक अक्षर आलं.”

मोजणीदारांनी वही ओढली आणि मातकट बोटांनी नोंद केली: वाफ्यातली तार, नऊ मीटर. ताबडतोब गुण.